कोसा उकळलेलं पाणी

आमची रंजिता तापानं गेली आणि कुंडीतला तिचा गंधराज तेवढा मागे उरला. आता त्याचीही पानं पिवळी पडत होती, शिरा तेवढ्या हिरव्या. मी रोज कौशल्यावर ओरडायचो, "कायले एवढं पाणी टाकून राहिली? पोरीचं एक झाड तुले जगवता येत नाही."

तिनं पाणी निम्म्यावर आणलं. तरी पानं गळतच राहिली.

शेवटी चार पानं रुमालात बांधून मोहाडीला नर्सरीत गेलो. माळ्यानं विचारलं, "पाणी कोणतं टाकता?"

"बायको विहिरीचं टाकते. अन् रेशमाच्या धाग्यासाठी कोसा उकळल्यावर उरलेलं मी टाकतो, थंड करून. त्यात किड्यांचा कस राहते."

"कोसा उकळाले टाकलेला सोडाही राहते ना, भाऊ. त्यानं माती खारी झाली. गंधराजले आंबट माती लागते. आता साध्या पाण्यानं कुंडी धुवून काढा. वाचलं तं वाचलं."

घरी येऊन मी कुंडीत बादलीमागून बादली ओतू लागलो. खालून पिवळं पाणी वाहत होतं. कौशल्या शेजारी येऊन बसली.

"मीच मारलं जी त्याले," ती म्हणाली.

महिनाभर ओरडत होतो. माळी काय म्हणाला ते मात्र तिला न सांगता मी पुढची बादली ओतली.