कचेरीच्या भिंतीवरची काच

मी एक जुनी कचेरी आहे. मित्रांनो, हिंगणघाटच्या चौकात बसमधून उतरलात की समोर दिसते ती दुमजली पिवळी इमारत म्हणजे मीच. कापसाच्या एका व्यापाऱ्याने मला पेढीसाठी बांधले. बैलाच्या घाणीवर चुना मळला, सागाच्या तुळया चढवल्या. पुढे माझ्यात सरकारी दप्तर आले. पार वडनेरची माणसे माझ्या पायऱ्या चढत आणि "इमारत असावी तर अशी" म्हणत. मी फुगून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा आठवले नाही.

१९७२ साली माझ्या मागच्या भिंतीत पिंपळाची दोन पाने उगवली. बडेबाबू प्रभाकररावांनी ती पाहिली, शिपाई नत्थूजींनीही पाहिली. पण पिंपळ उपटायचा कोणी? पाप लागते म्हणून जो तो हे काम दुसऱ्याच्या माथी मारत गेला. दहा वर्षांत रोपाचे झाड झाले आणि माझी भिंत वरून खालपर्यंत तडकली.

१९८३च्या जूनमध्ये सरकारी बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. त्यांनी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली आणि खाली तारीख लिहिली.

"पोळ्यापर्यंत काच टिकली तर डागडुजी करू. फुटली तर भिंत सरकते आहे असे समजायचे आणि इमारत पाडायची," ते म्हणाले.

तेव्हापासून मी जीव मुठीत धरून उभी होते. चौकातून ट्रक गेला की माझे लक्ष आधी त्या काचेकडे जाई. नत्थूजी रोज सकाळी आधी काच बघत, मग कुलूप उघडत. पावसाने पिंपळाला जोर चढला होता. त्याची ती कोवळी तांबूस पाने मला डोळ्यांसमोर नकोशी झाली होती.

पोळ्याला आठ दिवस उरले असता, कचेरीत पाणी भरणाऱ्या आनंदाबाई सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन मागे आल्या.

"बाई, पाप लागन!" नत्थूजी ओरडले.

"आमच्या बुद्ध भगवानाचं झाड व्हय ते. मी काय मारून टाकतो त्याले? पन भिंतीत काऊन कोंडून ठेवलं? मातीत लावू. शिडी धरा."

"अन् काच फुटली तं?"

"तशीबी फुटनच. मूळ रोज फुगून राह्यलं."

नत्थूजींनी शिडी धरली. एक वीट निघाली, मग दुसरी. मूळ थेट काचेच्या मागे गेले होते. आनंदाबाईंनी जोर लावून ओढले आणि कट्‌कन आवाज झाला. मला वाटले, संपले सगळे!

मूळ तुटले होते. काच शाबूत होती.

पोळ्यानंतर ओव्हरसियरनी काचेवरची धूळ पुसली, निरखून पाहिले आणि डागडुजीचा हुकूम लिहिला. तो पिंपळ आज आनंदाबाईंच्या वस्तीत, विहारापाशी सावली देतो आहे. माझा त्याच्यावर आता राग नाही.

आता १९८९ साल आहे. नत्थूजी आणि आनंदाबाई दोघेही वय झाले म्हणून कामावरून निवृत्त झाले. काच अजून आहे, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. मित्रांनो, तुमच्या घराच्या, शाळेच्या भिंतीत दोन पाने दिसली, तर त्याच दिवशी ती हलकेच काढून मातीत लावा. दोन पानांना चिमूट पुरते, झाडाला सब्बल लागते.

हे मी उगाच सांगत नाही. ते तुटलेले मूळ आतच राहिले होते. या पावसात काचेच्या वीतभर वर पुन्हा दोन पाने फुटली आहेत. मागच्या गल्लीतून जाल तेव्हा जरा मान वर करा.