चार दिवस बुडालेली होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी. कोणी हातोडी घेऊन जवळ आलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. तळ्याकाठी चार खोल्यांचं एक छोटं विश्रामगृह आहे. तिथल्या पाहुण्यांना मी तळ्यात फिरवून आणते.

सुताराने मला बांधलं आणि पहिल्याच हंगामाआधी नावाडीकाकांनी मला उथळ पाण्यात नेऊन, पोटात दगड भरून बुडवलं. मी मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहिली. चार दिवसांनी त्यांनी दगड काढून पाणी उपसलं, तेव्हा कळलं. कोरड्या हवेत, आणि पुढे दर वर्षी आठ महिने कोठीत वाळून, माझ्या फळ्या आक्रसतात. पाण्यात त्या फुगतात आणि फटी मिटतात. पुढे सव्वीस वर्षं दर हंगामाआधी मी अशीच बुडत आले. पाहुणे माझं कौतुक करायचे, पण श्रेय रंगाला जायचं.

बुडवण्याचं हे काम काका आणि विश्रामगृहाचे मालक दोघंच करायचे. मालक गेल्या वर्षी वारले. मालकीणबाई खोल्या आणि स्वयंपाकघर सांभाळायच्या, माझ्याकडे कधी फिरकायच्या नाहीत. यंदा हंगामाच्या तयारीला त्यांचे जावई आले. गाद्या उन्हात टाकल्या, गळके नळ बदलले, माणूस कामाला वाघ. पण त्यांनी मला टिचक्या मारून पाहिलं आणि सासूबाईंना प्लास्टिकच्या होड्यांचं चित्र दाखवलं. त्या पाहुणे स्वतःच चालवतात, मग नावाडी कशाला, असं ते काकांसमोरच म्हणाले. काका वल्ही पुसत राहिले. मला त्या पुसण्याचाही संशय आला.

दुसऱ्या दिवशी काकांनी एकट्यानेच कसंबसं मला बुडवलं आणि लेकीला बाळ झालं म्हणून तिच्याकडे गेले. बुडवण्याचं कारण कोणाला सांगून जावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांत कधी सांगावंच लागलं नव्हतं.

संध्याकाळी मी जावयांच्या नजरेला पडले. "आई, दगड भरून बुडवलीय," ते मालकीणबाईंना म्हणाले. "नोकरी जाणार म्हणून राग काढलाय त्यांनी."

जावयांनी दगड काढून मला बाहेर ओढलं, कडक उन्हात वाळवलं, फटींत पुट्टी भरली आणि वर निळा रंग दिला. मी नवरीसारखी नटले होते, पण आतून वरपासून खालपर्यंत उललेली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

काका परतले त्याच दिवशी जावयांनी मला पाण्यात सोडलं. बघता बघता आत घोटाभर पाणी झालं. दगड घालून यांनीच हिची वाट लावली, म्हणत त्यांनी काकांकडे बोट दाखवलं.

मालकीणबाईंनी विचारलं, "दगड तुम्ही भरले होते?"

"दर वर्षी भरतो, वहिनी. मालक दुसऱ्या बाजूने धरायचे."

मालकीणबाईंना खरंखोटं कळेना. पाहुणे यायला आठवडाच उरला होता. शेवटी काका म्हणाले, "फळ्या फुगायला चार दिवस बुडवून ठेवा. तरी पाणी आत आलं, तर मी आपणहून जातो."

पुन्हा दगड भरले गेले. काकांनी काही लबाडी करू नये म्हणून जावई काठावर खुर्ची टाकून बसायचे. आणि मी? मला या वेळी स्वतःचाच संशय येत होता. माझं वय झालंय. फळ्या फुगल्याच नाहीत तर? काकांची सव्वीस वर्षं माझ्या फटींवर येऊन ठेपली होती, आणि मला फार भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी दगड काढले. फुगलेल्या फळ्यांनी पुट्टी बाहेर ढकलून दिली होती. जावयांनी तळाशी वर्तमानपत्र पसरलं आणि काकांना वल्ही मारायला सांगून स्वतः आत बसले. तळ्याला पूर्ण फेरी झाली. त्यांनी कागद उचलला, उलटसुलट करून पाहिला. तो कोरडा होता.

काठाला लागल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. मग खाली बघत म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी दगड भरताना मला हाक माराल?"

"मारीन की," काका म्हणाले. "दुसऱ्या बाजूने धरायला माणूस लागतोच."

मित्रांनो, एखादं जुनं माणूस न कळणारं काही करताना दिसलं, तर आधी त्याला कारण विचारा. माझ्यासारख्या संशयी होडीला बोलता येत नाही, पण तुम्हाला येतं.