मंगळवारी कुणीच काही ऐकलं नाही

मी कठडा बोलतोय. खऱ्या कोर्टातला नव्हे. तिथले माझे भाऊबंद म्हणे सागवानी असतात आणि त्यांना दरवर्षी पॉलिश होतं. मी एका शाळेतल्या, नववीच्या वर्गातल्या लुटुपुटूच्या कोर्टाचा कठडा. माल भरून आलेल्या खोक्यांच्या फळ्या जोडून मला केलं. माझ्या आतल्या अंगाला 'ही बाजू वर' असा शिक्का आहे आणि तो उलटा आहे. यावरून सुताराचं माझ्याकडे किती लक्ष होतं ते समजा.

पण सुताराला नावं ठेवून चालायचं नाही. बिचाऱ्याने जन्मात कोर्ट पाहिलं नव्हतं आणि पाहायची हौसही नव्हती. उंची किती ठेवू, असं त्याने विचारलं, तेव्हा नागरिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीचं तोंड शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे." सुताराने त्या मुलीलाच पुढे बोलावलं, तिच्या हनुवटीच्या उंचीवर फळीवर पेन्सिलीने खूण केली आणि तिथे मला कापलं.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. दिसायला एवढीशी, पण एकदा निघाली की मध्ये डोंगर आला तरी वळसा घालून पुढे जायची. तिचे वडील इस्त्रीचं दुकान चालवायचे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. मोठा भाऊ एका गॅरेजात स्कूटर दुरुस्त करायचा.

बाईंनाही मुलांनी नाव ठेवलं होतं, कलमबाई. कशावरही बोलायला लागल्या तरी शेवटी राज्यघटनेचं एखादं कलम काढायच्याच. त्या कंत्राटी होत्या. दरवर्षी त्यांची नेमणूक नव्याने व्हायची आणि दरवर्षी त्या ती होईपर्यंत जरा गप्प गप्प असायच्या. एकदा झाली की पुन्हा मोकळ्या. "हक्क पाठ करू नका," त्या म्हणायच्या, "रस्त्यात समोर आले तर ओळखता आले पाहिजेत."

म्हणून दर मंगळवारी शेवटच्या तासाला कोर्ट भरायचं. आठवड्यात ज्याच्या बाबतीत काही घडलं असेल, त्याने माझ्यात उभं राहून सांगायचं. मग वर्गाने ठरवायचं, यात कुणाचा हक्क गेला का आणि गेला तर कुठला.

सुरुवातीला सगळा हशाच होता. एक मुलगा तक्रार घेऊन आला, आई माझा फोन उघडून बघते. बाई म्हणाल्या, घटनेतले हक्क मुख्यतः सरकारशी वागताना कामाला येतात. घरात आई हेच सरकार असेल तर अपील वडिलांकडे करून बघ. मुलगा म्हणाला, वडिलांचाही फोन तीच बघते. वर्ग पोट धरून हसला.

पण हळूहळू प्रकरणं खरी होऊ लागली. कुणाला आडनाव ऐकून घर नाकारलं होतं. एकीच्या मावशीला गरोदर म्हणून कामावरून काढलं होतं. दुकानदाराने एका मुलाचं दप्तर चारचौघांत उलटं केलं होतं. मुलं वाद घालायची, पुस्तक चाळायची, बाई मध्येच सांगायच्या की इथे घटना नाही, साधा कायदा पुरेल, किंवा इथे दोन्ही नाहीत, इथे फक्त लाज वाटायला हवी.

एकदा तर कोर्टाने शाळेलाच धरलं. तास चालू असताना मुलींची स्वच्छतागृहं कुलूपबंद असायची. मुंगी माझ्यात उभी राहून म्हणाली, "माणूस म्हणून जगायचा हक्क आहे ना? मग कुलूप कसं?" वर्गाने मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. आश्चर्य म्हणजे कुलूप निघालं. त्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यांवर जे होतं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही. आपण विचारलं की दार उघडतं, असं त्यांना वाटलं. बाईंनाही वाटलं असावं.

मग तो मंगळवार आला.

मुंगी माझ्यात येऊन उभी राहिली आणि तिने माझी वरची फळी घट्ट धरली. मग म्हणाली, रविवारी संध्याकाळी दादाला गॅरेजातून पोलीस घेऊन गेले. चोरीच्या स्कूटरी तिथे सुट्या होतात, असं म्हणत होते. तेव्हापासून तो घरी नाही. त्यालाच का धरलं ते सांगत नाहीत, भेटू देत नाहीत. आई जेवत नाही.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. मुलांनी स्वतःच एकेक सांगायला सुरुवात केली. धरल्याचं कारण सांगावं लागतं. वकील भेटू द्यावा लागतो. एका दिवसाच्या आत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. सगळं बरोबर होतं. बाईंनी सांगितलं, उद्या शाळा सुटली की मी तुझ्याबरोबर चौकीत येते.

पण मुंगी थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच वडिलांना घेऊन ती चौकीत गेली. पुढे काय झालं ते तिने बाईंना याच वर्गात, माझ्याशेजारी उभं राहून सांगितलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने सगळं विचारलं. तिथले साहेब रागावले नाहीत. उलट तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि कौतुकाने म्हणाले, "वा! कोण शिकवतं गं तुला हे?"

आणि मुंगीने अभिमानाने शाळेचं आणि बाईंचं नाव सांगितलं.

जाताना साहेब तिच्या वडिलांना एवढंच म्हणाले, पोरगी हुशार आहे, जपा.

शुक्रवारी भावाला न्यायाधीशांसमोर नेलं. कागदावर त्याला गुरुवारी रात्री धरलेलं होतं. कारण सांगितल्याची नोंद होती, त्याखाली त्याची सही होती, घरी कळवल्याचंही लिहिलं होतं. बाईंनी शिकवलेला प्रत्येक नियम तंतोतंत पाळला गेला होता. फक्त रविवार ते गुरुवार हे दिवस कुठेच नव्हते.

बाईंची एक मैत्रीण वकील होती. ती वर्गात आली, बाकावर मावत नव्हती म्हणून टेकून उभी राहिली. तिचं म्हणणं, सगळं तारखेवर आहे. रविवारी नेलं हे सांगणारं कुणी बाहेरचं हवं. घरच्यांचं कोण ऐकतो? गॅरेजमालक म्हणत होता, मी तेव्हा चहाला गेलो होतो.

बाई थोडं हसल्या. "अख्खा वर्ग आहे. मुंगीने मंगळवारी सगळ्यांसमोर सांगितलं. गुरुवारी धरलेल्या मुलाबद्दल ती मंगळवारीच कशी सांगेल?"

मैत्रीण म्हणाली, मुलांना यात ओढू नकोस. बाई म्हणाल्या, मी एकटीच लिहून देते, मी तिथे होते. आणि त्यांनी तसं लिहून दिलं.

चार दिवस गेले. मग मुख्याध्यापक वर्गात आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. शाळेच्या वाढीव मजल्याची परवानगी अडकली होती आणि संस्थेच्या माणसांचे फोन येत होते. त्यांनी सगळ्या मुलांना मैदानात पाठवलं, बाईंना मागच्या बाकावर बसवलं आणि मध्ये बोलू नका असं सांगितलं. मग एकेका मुलाला आत बोलावलं.

पहिला मुलगा सवयीने माझ्यात येऊन उभा राहिला. "तिथे नको," मुख्याध्यापक म्हणाले, "इकडे ये, माझ्याजवळ." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेनेच विचारलं, मंगळवारी मुंगी तिच्या भावाबद्दल काही बोलली होती का?

मुलाने आधी सरांकडे पाहिलं, मग मागे बाईंकडे, मग पायांकडे. आठवत नाही, म्हणाला.

सगळ्यांनाच आठवत नव्हतं. कुणी म्हणालं, मी त्या दिवशी खिडकीजवळ बसलो होतो, नीट ऐकू येत नाही. कुणी म्हणालं, माझं डोकं दुखत होतं. आमच्या कोर्टात पुकारा करणारा एक चुणचुणीत मुलगा होता, तो म्हणाला, "सर, कुठला मंगळवार म्हणता?" वकिली तो बाईंकडूनच शिकला होता. एक मुलगी रडायला लागली, तर सर म्हणाले, राहू दे, जा. घरी प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी सांगून ठेवलेलं होतं, हे अगदी उघड दिसत होतं.

मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता. पण लाकडाची साक्ष कोण घेतो?

शेवटी मुंगी आली. तिचे वडील दाराबाहेर उभे होते, हातात घडी केलेले कपडे तसेच होते. ती मुख्याध्यापकांच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मी मंगळवारी काही बोलले नव्हते. दादाला गुरुवारीच नेलं. बाईंची काहीतरी गफलत होतेय."

मुख्याध्यापकांनी खाली पाहिलं.

बाई मागच्या बाकावरून उठल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, दाराबाहेरच्या त्या बापाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. माझीच गफलत झाली असेल. वार लक्षात राहत नाहीत माझ्या."

सगळे गेल्यावर मुंगी परत आली. बाई फळा पुसत होत्या. ती म्हणाली, "साहेब म्हणाले, तारीख सोडा, मी पोरगा सोडतो."

"मग बरोबर केलंस."

"पण बाई, तुम्ही तर सांगितलं होतं..."

"हो," बाई म्हणाल्या, "सांगितलं होतं."

फळा स्वच्छ झाला होता तरी पुसतच राहिल्या.

भाऊ जामिनावर घरी आला. त्याला एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि खटला मात्र सुरूच राहिला, तारखांवर तारखा पडत. वर्ष संपल्यावर बाईंची नेमणूक झाली नाही. कारण विचारायला त्या आल्या नाहीत. नववीच्या उरलेल्या दिवसांत मुंगीचा हात एकदाही वर गेला नाही. दहावीनंतर ती एका कारखान्यात खोकी भरायला लागली, असं शिपाई कुणालातरी सांगत होता.

नवीन सर आले. चांगले होते, नेटके होते. ते हक्क लिहून द्यायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. अटकेची कारणं जाणून घेण्याचा हक्क, चार गुण. मुलांना पैकीच्या पैकी मिळायला लागले. मला त्यांनी मागच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्यात गुंडाळलेले नकाशे आले, मग फुटक्या बादल्या आल्या, मग लांब दांड्यांचे झाडू. कितीतरी वर्षं मी त्यांचाच कठडा आहे.

परवा पालकसभा झाली. आता या वर्गावर तरुण बाई आहेत. एका छोट्या चणीच्या बाईला त्या सांगत होत्या, तुमची मुलगी हुशार आहे पण प्रश्न फार विचारते, त्यात धडा मागे राहतो. ती बाई मान हलवत होती. केस पिकायला लागले होते, तरी ती कोण ते मी लगेच ओळखलं.

"मी समजावते तिला," मुंगी म्हणाली.

तरुण बाई दुसऱ्या पालकांकडे वळल्या. मुलीने कोपऱ्यात बोट दाखवून विचारलं, आई, ते काय आहे? मुंगीने माझ्याकडे पाहिलं. झाडूंकडे, बादल्यांकडे, माझ्या वरच्या फळीकडे. तिची नजर तिथे जरा थांबली, पण चेहरा हलला नाही.

"अडगळ आहे," ती म्हणाली. मग मुलीसमोर वाकली आणि तिची कॉलर नीट करत हलक्या आवाजात सांगू लागली, "हे बघ, बाई जे लिहून देतात ते पाठ करायचं. तेच पेपरात लिहायचं. बाकी कुणाला काही विचारायला जायचं नाही. कळलं?"

मुलगी 'का?' असं विचारणार होती. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने नुसती मान हलवली.

या सुट्टीत वर्गाला रंग द्यायचा आहे, तेव्हा मला मोडणार आहेत. शिपायाने बघूनही ठेवलंय, त्याला फळ्या हव्या आहेत. जाताना काहीतरी मागावं, अशी रीत आहे. पण मी काय मागू? बाईंना परत आणा म्हणावं, तर त्या कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. मुलांना बोलू द्या म्हणावं, तर मुलं बोलली त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा एवढंच सांगतो. मला तोडाल तेव्हा खालच्या फळीत एक वाकडा खिळा आहे, तो आधी काढा. उगाच कुणाच्या हाताला लागायला नको.