नऊ खिडक्यांचा ओळंबा

वजनाने मी जेमतेम अर्धा शेर, पण भल्याभल्या भिंतींना मी खोटे पाडले आहे. मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. गवंडी मला दोरीने भिंतीलगत सोडतो आणि भिंत सरळ आहे की कललेली, ते मी सांगतो. कोणाची भीड मी धरत नाही.

१९१४ साली पुण्यातल्या एका ओताऱ्याने मला ओतले आणि कार्ल्याच्या कोंडाजी गवंड्याने मला घेतले. त्याच्या पिशवीतून वीस वर्षे मी लोणावळ्यात हिंडलो. मुंबईकरांचे बंगले आम्ही उभे केले. त्यांना मनोरे हवे असत, नक्षीच्या कमानी हव्या असत, काहीही न पेलणारे खांब हवे असत. वास्तुशांतीला पेढे वाटले जात आणि कोंडाजी मला धोतराच्या सोग्याने पुसून ठेवी. एवढेच माझे कौतुक.

मग १९३५ साली रघुवीर तळपदे आले. हे मुंबईचे वास्तुशिल्पकार. इमारतीला दागिने नकोत, उजेड आणि वारा हवा, असे ते म्हणत, म्हणून मोठी माणसे त्यांना हसत. लोणावळ्याजवळ वलवणच्या बाजूला क्षयरोग्यांचा दवाखाना बांधायचे काम त्यांना मिळाले होते. त्यांच्या नकाशात मनोरा नव्हता, कमान नव्हती. लांब ओसरी होती आणि वर सिमेंटचा सपाट स्लॅब.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घमेले वाहणाऱ्या धोंडाबाईला विचारले, “बाई, आजारी माणसाला आधी काय हवं असतं?”

धोंडाबाई डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. ती घमेले खाली न ठेवताच म्हणाली, “माजी भैन अंधाऱ्या खोपीत खोकून मेली, साहेब. मला उजेडात न्या, म्हनत व्हती. आमी म्हनलं, वारं लागंल.”

तळपद्यांनी नकाशा उघडला आणि बायकांच्या खोलीला पूर्वेच्या बाजूने नऊ खिडक्या काढल्या.

तिथेच ठिणगी पडली. पूर्वेला रस्ता होता, आणि दवाखाना बांधणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना त्याच भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात लावायची होती. त्यांनी कारण मात्र वेगळे दिले. “रस्त्यावरून बायका दिसतील. शोभतं का ते?” तळपद्यांनी खिडक्यांबाहेर तिरक्या फळ्या बसवल्या. ऊन आत येई, नजर येत नसे. तरी अध्यक्षांचे समाधान झाले नाही. तळपदे आठ दिवस मुंबईला गेले, तेवढ्यात हुकूम आला की खिडक्या बुजवा.

“त्या भितीला माजा वळंबा लागायचा न्हाई,” कोंडाजी म्हणाला आणि मला पिशवीत टाकून घरी निघाला. ठेकेदाराने दुसरे गवंडी आणले. चार दिवसांत नऊच्या नऊ खिडक्या बुजल्या.

तळपदे परतले, तेव्हा कोंडाजी स्टेशनवर उभाच होता. दोघे तडक कामावर आले. अध्यक्ष तिथेच होते. ते म्हणाले, “बघा, भिंत कशी सरळ झाली आहे!”

कोंडाजीने मला सोडले. ती वाकडी निघावी, असे मला फार वाटत होते. पण मित्रांनो, खरे ते सांगतो. भिंतीत केसाचाही फरक नव्हता.

“भित सरळ हाय, साहेब,” कोंडाजी म्हणाला. “काम वाकडं हाय.”

तळपद्यांनी पहार उचलली आणि पहिली वीट पाडली.

“या क्षणापासून तुम्ही या कामावर नाही,” अध्यक्ष ओरडले.

“नसेन. पण माझ्या नकाशातल्या घरात आंधळी खोली राहणार नाही.” आणि दुसरी वीट पडली. तेवढ्यात ठेकेदाराच्या माणसांनी पहार हिसकावून घेतली.

दुसऱ्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. मृगाला आठ दिवस उरले होते. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, आणि त्याला शंभर हात लागतात. सकाळी धोंडाबाईने घमेले पालथे घातले आणि त्यावर बसली.

“खिडक्या उघडा. मग उचलतो.”

तिच्यामागे चाळीस बाया बसल्या. ठेकेदार म्हणाला, “उद्यापासून कुणी येऊ नका!”

“न्हाई येत,” धोंडाबाई म्हणाली. “आज मातुर हितंच बसनार.”

दुपारपर्यंत डोंगरामागे वळवाचे ढग चढले. पाऊस आला असता तर वर बांधलेल्या सळया आणि उघडे सिमेंट, सगळेच वाया गेले असते. अध्यक्षांनी चारदा आभाळाकडे पाहिले आणि अखेर मान खाली घालून म्हणाले, “उघडा.”

कामावरून काढलेले तळपदे स्वतः विटा उपसत होते. बाया उठल्या. अंधार पडायच्या आत स्लॅब पुरा झाला.

अध्यक्षांनी सूड उगवलाच. कोनशिलेवर तळपद्यांचे नाव कोरले नाही. ठेकेदाराने कोंडाजीला आणि धोंडाबाईला पुन्हा कामावर घेतले नाही. कोंडाजी दोन वर्षे विहिरी बांधत फिरला, पण मला घेऊन एकदाही माफी मागायला गेला नाही.

बायकांच्या खोलीत पहिली रोगी आली ती हिरी, ठाकरवाडीचीच. पूर्वेच्या खाटेवर पडून ती म्हणाली, “हितं सकाळ आत येती.” पाच महिन्यांनी ती पायी घरी गेली. पुढे मुंबईहून वास्तुकला शिकणारी मुले वह्या घेऊन येऊ लागली. त्या तिरक्या फळ्या आणि त्या खिडक्या वहीत रेखाटून घेऊन गेली. आता तशा खोल्या दूरदूरच्या गावांत झाल्या आहेत, असे ऐकतो.

कोंडाजी १९४३ साली गेला. त्याची सून रतनबाई मला गंजलेल्या खिळ्यांच्या डब्यात ठेवते. माझी दोरी उंदरांनी खाल्ली आहे, अंगावर हिरवा थर चढला आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात मांडू नका. नवी दोरी बांधा आणि भिंतीला लावा. भिंत सरळ आहे का, ते मी आजही बिनचूक सांगेन. पण ती कोणाचा उजेड अडवते, ते मला कळत नाही. ते तुम्हीच बघायचे, आणि बघून गप्प बसायचे नाही.