शून्यावरचा काटा

ऐन वेळी चेंडू सोडून देणं, ही आमच्या यंत्रमानवाच्या जबड्याची ख्याती. सामना संपत आला, त्याला मिटून धरणारी टाकीतली हवा उतरली, की हा ढिला. स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मात्र त्याने चेंडू शेवटपर्यंत सोडला नाही.

"काय केलंस रे?" मी दादाला विचारलं.

"तू यंत्र चालव. डोकं मी चालवतो."

दीडशहाणा! पण जिंकलो होतो, म्हणून सोडून दिलं.

अंतिम फेरीआधी पुन्हा तपासणी होती. हिरवा शिक्का मिळाला तर मैदानात, नाही तर घरी. वर्षभराची मेहनत त्या शिक्क्यावर टांगलेली. तपासनीस बाईंनी टाकीचा दाब बघितला, जबड्याकडे जाणारा दाब बघितला. दोन्ही मर्यादेत.

"आता सगळी हवा सोडा."

मी लाल खटका उघडला. फुस्स झालं, काटा शून्यावर आला. बाईंनी शिक्का खिशातून काढला, पण मारला नाही.

"माझा काट्यावर विश्वास नाही. बांधणाऱ्याच्या हातावर आहे. जबड्यात हात घाला, मी बटण दाबते."

दादा मागे सरकला. "माझ्या हाताला ग्रीस लागलंय."

"घाबरट कुठला!" म्हणत मीच मनगटापर्यंत हात घातला.

बाईंचं बोट बटणावर गेलं. मी दादाकडे बघून हसले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तो ओरडला,

"थांबा! चिमे, हात काढ!"

मी हात खेचला. बाईंनी शांतपणे बटण दाबलं. जबडा असा खाडकन मिटला की टेबल हादरलं.

दादाने जबड्याआधी एक छोटी टाकी आणि एकतर्फी झडप लपवली होती. तिकडे गेलेली हवा माघारी येत नव्हती. मोठी टाकी रिकामी, काटा शून्यावर, आणि जबडा भरलेला. खटका उघडल्यावर यंत्रात कुठेही हवा कोंडून राहता कामा नये, हा तर पहिला नियम.

बाईंनी शिक्का खिशात टाकला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

"ओरडलो ना मी वेळेवर?" दादा रडवेला होऊन म्हणाला.

ओरडला, खरंय. पण त्याआधी त्याने एकदा शिक्क्याकडे बघितलं होतं, आणि ते मी बघितलं होतं.