गुडघा आणि खांदा

पंचाच्या पायाला जन्माची भिंगरी. तोंडात शिट्टी धरून फुटबॉलच्या मैदानात तो विशीतल्या पोरांच्या बरोबरीनं धावायचा. पण सरत्या हंगामात उजव्या गुडघ्यानं दगा दिला, आणि संघटनेनं बजावलं, धावण्याची चाचणी पार केलीस तरच पुढचे सामने. तेव्हापासून त्याला घर खायला उठायचं. म्हणून तर बायकोला घेऊन तो या दवाखान्यात आला होता. इथं आपलंच रक्त काढून, यंत्रात घुसळून, त्यातला कामाचा भाग दुखऱ्या सांध्यात टोचत.

नर्सनं रक्त नेलं. शेजारच्या खोलीत यंत्र घरघरू लागलं आणि याची चुळबुळ सुरू झाली. खिडकीशी गेला, दाराशी गेला, पाण्याचा ग्लास भरून तसाच ठेवला.

"बसा की हो," बायको म्हणाली. "रक्त फिरतंय तेवढं पुरे."

"आणि गुण नाही आला तर?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, पण बोलायला रोखठोक. "काका, झिजलेला गुडघा यानं नवा होत नाही. दुखणं कमी होईल, काहींचं तेही होत नाही. चाचणीची हमी मी देणार नाही."

पंचाचा चेहरा उतरला. "मग कशाला हा खटाटोप? चल गं, माझा कोट घे."

बायकोनं खुंटीकडे डावा हात नेला. तो खांद्याशीच अडला. तिनं उजव्या हातानं कोपराला खालून रेटा दिला आणि ओठ दाबून धरले.

"काकू, हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले बरेच महिने."

"मला बोलली नाहीस?" पंच ओरडलाच.

"तुमच्या गुडघ्यातून मला सवड कुठं मिळाली?" ती शांतपणे म्हणाली.

मध्यंतरी तिनं लांबसडक केस कापून टाकले होते. 'म्हातारपणी फॅशन सुचतेय,' म्हणून यानं चारचौघांत थट्टा केली होती. वेणी घालायला हात वर जात नव्हता, हे आता त्याच्या डोक्यात लख्ख उजाडलं. तो खाली बसला. "डॉक्टर, आधी हिला बघा."

खांदा आखडला होता. त्याला सुईपेक्षा रोजच्या व्यायामाची गरज होती. मग रक्त काढलंच होतं म्हणून पंचानं गुडघ्यात सुई घेतली. ठणका कमी झाला, पण चाचणीत तो अर्ध्यातच मागे पडला.

जिवाची तगमग काही गेली नाही. सकाळी बायको भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायची, तो पाठीशी उभा राहायचा. "अजून जरा... अजून..."

"अहो, खांदा माझा आहे!"

एकदा घराजवळच्या मैदानावरून पोरांचा गलका आला. तो तरातरा खिडकीशी गेला, क्षणभर तिथंच घुटमळला. मग परत येऊन त्यानं तिच्या कोपराखाली हात धरला.