कप्तानाची गाठ

दर रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला बर्फाच्या कारखान्याच्या रिकाम्या गोदामात दीडशे माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्या कप्तानाची वाट बघायची. कप्तान वेळेवर यायचा. आमच्या बंदर कचेरीतल्या जिवंत साहेबांना कधी जमलं नाही ते मेलेल्या माणसाला जमत होतं.

तो यायचा कप्तानबाबाच्या अंगात. कप्तानबाबा म्हणजे पन्नाशीचा, गोलमटोल, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला गृहस्थ. गोदामाच्या मधल्या लाकडी खांबाला टेकून तो उभा राहायचा. त्याचा मेहुणा त्याचे दोन्ही हात खांबामागे घेऊन पिवळ्या नायलॉनच्या दोरानं करकचून बांधायचा. मग डोक्यावर बादलीभर समुद्राचं पाणी. बाबा ताठ व्हायचा, उजवा डोळा गरागरा फिरायचा आणि तो घुमायला लागायचा, "मला डोलकाठीला बांधलंत? दर्यानं जन्म दिलेल्याला माणसाची गाठ काय अडवणार?"

एवढं बोलून तो अर्धं मिनिट गप्प. मग एक झटका, आणि दोर आपोआप गळून पायाशी. बायका रडायच्या, म्हातारे खलाशी कपाळाला हात लावायचे.

आता हा प्रसंग आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे. बावीस वर्षांपूर्वी इथल्याच धक्क्यावर कप्तानावरचा सिनेमा निघाला आणि तो पंचवीस आठवडे चालला. त्याआधी त्याच्यावरची जाडजूड कादंबरी होती. तिच्यात कप्तान बाराव्या प्रकरणात तापानं मरतो, म्हणून कोणी तेराव्यापर्यंत गेलं नव्हतं. शाळेतल्या इतिहासाच्या बाईंनी बंदराचं जुनं दप्तर उपसून सांगितलं की त्यात एकच ओळ आहे: गलबत खडकावर फुटले, कप्तानासह सर्व माणसे वाचली. पण बाईंच्या एका ओळीपुढे सिनेमाची पावणेतीन तासांची आरडाओरड. गावानं इतिहास पडद्यावरून घेतला. धक्क्यावरच्या कप्तानाच्या पुतळ्यालासुद्धा डोळ्यावर पट्टी आहे.

ती पट्टी कुठून आली हे मला विचारा. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी हीरोच्या डोळ्याला रांजणवाडी आली. डोळा बटाट्यासारखा सुजला. डायरेक्टर म्हणाला, पट्टी बांधा, भारी दिसेल. मी तिथेच उभा होतो. माझा धंदा शिडं शिवायचा आणि दोर वळायचा, वडिलांपासून. आता शिडं राहिली नाहीत, मी ट्रकच्या आणि होड्यांच्या ताडपत्र्या शिवतो, पण तेव्हा सिनेमावाल्यांनी मला महिनाभर ठेवलं होतं. आणि हीरोला डोलकाठीला बांधायचा सीन आला तेव्हा डायरेक्टरनं मला बोलावून सांगितलं, गाठ अशी पाहिजे की दिसायला राक्षसी आणि एका बोटानं सुटणारी.

ती गाठ मी बनवली. बाहेरून तीन फेरे, मध्ये पीळ, बघणाऱ्याला घाम फुटावा अशी. आत मात्र दोर ओवलेला नाही, नुसता दुमडून खोचलेला. एक टोक हीरोच्या मुठीत. ते खेचलं की सगळा संसार खाली. एवढी सुंदर खोटी गाठ आजवर कोणी मारली नसेल, हे मी नम्रपणे सांगतो.

म्हणून कप्तानबाबाच्या पहिल्याच रविवारी मी ओळखलं की तो माझाच माल विकतोय. आणि ते अर्धं मिनिट गप्प बसणंही ओळखलं. सिनेमात तिथे मध्यंतर होतं.

मी गावाला ओरडून सांगितलं. गाव हसलं. चूक गावाची नाही. पाच वर्षांपूर्वी मी उलट्या होडीवर डांबर फासलेली ताडपत्री घालून अख्ख्या बाजाराला देवमासा बघायला पळवलं होतं. माझ्या तोंडून खरं निघालं तरी लोक आधी माझ्या हातात काय आहे ते बघतात.

गंमत म्हणून मी ते सोडूनही दिलं असतं. पण बाबानं माझ्या धाकट्या बहिणीला धरलं.

तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी मोठ्या बोटीवर गेला तो आलाच नाही. बोट नाही, माणसं नाहीत, एक फळीसुद्धा नाही. बहिणीनं कुंकू पुसलं नाही आणि दाराची कडी लावली नाही. कप्तानबाबानं तिला सांगितलं, तुझा नवरा जिवंत आहे, माझ्या गलबतावर बांधलेला आहे. त्याची लहान होडी कप्तानाला अर्पण कर, म्हणजे त्याच्या गाठी सुटतील. अर्पण म्हणजे बाबाच्या नावावर, कागद करून. ती विचारायला लागली की बोट बुडाली तरी कशी, तर बाबानं उजवा डोळा मिटला आणि म्हणाला, नांगराचा दोर सुटला. कोणी बांधला होता आठव.

तो दोर मी बांधला होता.

त्या दिवसापासून कधी न लावलेली कडी बहिणीनं माझ्यासाठी लावली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायचो आणि ती आतून भांडी घासायची. आठ महिने. मी लोकांना हसवण्यावरच जगलेला माणूस, पण त्या भांड्यांच्या आवाजानं मला पार पिळून काढलं. मनात एकच होतं. या माणसाला त्याच्याच खांबाला बांधायचं.

मग एका शनिवारी भाची दुकानात आली. वीस वर्षांची, बापाची होडी तीच चालवते, तिच्यावरच घर चालतं. म्हणाली, "मामा, कागद तयार आहे. उद्या आई सही करणार. तू काहीतरी कर, चांगलं नसलं तरी चालेल."

एवढी मोकळी परवानगी मला आयुष्यात कोणी दिली नव्हती.

रविवारी साडेतीनला बाबाचा मेहुणा नेहमीप्रमाणे चहाच्या टपरीवर बसला. टपरीच्या बाकावर मीच शिवलेली ताडपत्री असते. मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो, खिशातून दाभण आणि मेणाची सुतळी काढली आणि तो मालकाला कप्तानाचे चमत्कार सांगत असताना त्याची ढगळ विजार बाकाच्या ताडपत्रीला शिवून टाकली. बारा टाके, दुहेरी. ट्रकवाले याच टाक्यांची मला दाद देतात. मग चहाचे पैसे टाकून गोदामात गेलो.

आत सगळी तयारी होती. बाबा खांबाला टेकलेला, बादली भरलेली, पहिल्या रांगेत खलाशी, मागे बायका. बायकांनी लांबच बसायचं, कारण कप्तानाला डोलकाठीजवळ बाई चालत नाही असा नियम होता. बहीण मागे भिंतीपाशी, मांडीवर कागद. चार वाजून गेले आणि मेहुण्याचा पत्ता नाही. बाबाचा एकुलता डोळा दाराकडे जात होता. लोक चुळबुळ करायला लागले.

मी उठलो आणि सरळ त्याच्या पायावर लोळण घेतली. रडलो. रडता मला उत्तम येतं. म्हणालो, कप्तान, मीच तो पापी, माझ्याच हातचा दोर सुटला, आज याच हातांनी तुम्हाला बांधू द्या आणि सर्वांसमोर ती गाठ सोडवून मला माफ करा. गोदामातून हुंकार उठला. मागे भिंतीपाशी बहिणीनं मान वर केली.

बाबाला मोह आवरला नाही. ज्यानं गावभर त्याला खोटं म्हटलं तोच पायावर. फक्त वाकून माझ्या कानात म्हणाला, "तीच सिनेमातली मार. टोक मुठीत दे. तुझाही वाटा राहील."

मी मान डोलावली. नायलॉनचा दोर उचलला आणि मोठ्यानं म्हणालो, कप्तानाच्या काळात हे प्लास्टिक होतं का? त्याचा अपमान नको. खलाशी म्हणाले, बरोबर आहे. मी पिशवीतून वडिलांच्या वेळचा सुती दोर काढला. सुती दोराला पाणी लागलं की तो फुगतो आणि गाठ आवळते. हे पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सिनेमातून कप्तान झालेल्या माणसाला माहीत नव्हतं.

मी खांबामागे बसून आमच्या वडिलांची गाठ मारली. पिंपं बांधायची गाठ ती. तिचं टोक ओढलं की ती सुटत नाही, आणखी बसते. टोक इमानदारीनं बाबाच्या मुठीत दिलं आणि बादली मीच ओतली. थोडी जास्त.

"मला डोलकाठीला बांधलंत?" बाबा गरजला. "माणसाची गाठ काय अडवणार?"

मध्यंतर झालं.

मग झटका. काही नाही. दुसरा झटका. बाबाचा चेहरा लाल. तो ओढत गेला, गाठ बसत गेली. पाचव्या झटक्याला कप्तान अंगातून निघून गेला आणि उरला तो माणूस हळूच म्हणाला, हात बधिर होतायत. पुढच्या रांगेत एक म्हातारा खलाशी हसला. नेमका त्याच वेळी मेहुणा धावत आला, मागे शेपटीसारखी सहा फूट ताडपत्री ओढत, आणि अख्खं गोदाम खदखदलं.

मी पिवळा दोर घेतला, बायकांमधून भाचीला बोलावून खुर्चीवर बसवलं, तिचे हात खुर्चीमागे बांधले, सिनेमाची गाठ मारली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. टोक तिच्या मुठीत. तिनं एका बोटानं ओढलं. दोर खाली. मग एकेका खलाशाला करून दाखवलं. एकजण म्हणाला, एवढंच? मी म्हणालो, एवढंच. बावीस वर्षं एवढंच होतं.

बाबा खांबाला तसाच. मी सोडवणार नव्हतो. माझा विचार त्याला सोमवारपर्यंत ठेवायचा होता.

पण मागच्या भिंतीपासून बहीण उठली. डोलकाठीचा नियम पायाखाली घालून सरळ खांबापाशी आली. मागे वाकून गाठ बघितली. वडिलांनी ती दोघांना शिकवली होती, मला आणि तिला, एकाच दुपारी. तिनं गाठीवर हात ठेवला, पण सोडली नाही.

"माझा नवरा कुठे बांधलाय?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाला, ताई, हात सोडवा.

"कुठे बांधलाय?"

"मला माहीत नाही."

"मोठ्यानं."

"मला काही माहीत नाही, ताई. मी दुसऱ्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. पंचवीस आठवडे तोच सिनेमा लावला. मला तेवढंच येतं."

त्याच्या डोळ्यावरची पट्टी निसटून गळ्यात आली होती. दोन्ही डोळे ठणठणीत होते. बहिणीनं तीन हालचालींत गाठ सोडवली. कप्तानाला जमलं नाही ते. मग हातातला तो कागद फाडून चार तुकडे केले आणि बादलीत टाकले.

बाबा आणि ताडपत्रीसकट मेहुणा त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी स्टँडपर्यंत सोबत केली. शिट्टी वाजवत.

परत आलो तर बहिणीचं दार उघडं होतं. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "दादा, तो नांगराचा दोर?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. तिलाही ते आवडलं असतं. मी म्हणालो, मी नीट बांधला होता. तरी सुटला असेल, नसेल. इंजिन बंद पडलं असेल, लाट आली असेल. तिथून कोणी परत आलं नाही, म्हणून कोणालाच माहीत नाही. मला नाही, तुला नाही, आणि जो म्हणेल मला माहीत आहे त्याला तर मुळीच नाही.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. मग पहिल्यांदाच नवऱ्यासाठी मोकळी रडली.

तुम्हीही कुठल्यातरी गोदामात बसून डोळे पुसत असाल, तर माझं एवढंच ऐका. उठा, जवळ जा, मागून बघा. जवळ येऊ नका म्हणणाऱ्याच्या मुठीत टोक असतं. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला शिका. त्यानं रडू येतं, पण होडी जात नाही.

भाची रोज पहाटे तीच होडी काढते. धक्क्याचा दोर मी बांधतो. मग बहीण येते आणि माझी गाठ दोनदा ओढून बघते. मला राग येत नाही. बघायलाच पाहिजे.